राजाच्या ताटातून कळलेली पोथी

लोककथांतल्या पोथीचं नशीब मोठं खडतर. कुणी ती नदीत बुडवतं, कुणी जाळतं. निवांत बसून वाचणारं माणूस क्वचितच भेटतं. गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चंच बघा. तिची गोष्ट काश्मीरच्या सोमदेवाने 11व्या शतकात ‘कथासरित्सागरा’त सांगितली, पण तिचं माहेर आपलं गोदाकाठचं पैठण.

जलक्रीडेत राणी सातवाहन राजाला संस्कृतात म्हणते, पाणी उडवू नका. तिचं ‘मोदकैः’ ऐकून राजा चक्क लाडू मागवतो! राणी हसते. शरमलेला राजा व्याकरण शिकायला बसतो. गुणाढ्य त्यासाठी सहा वर्षं मागतो, शर्ववर्मा सहाच महिने. पैज हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत, देशभाषा तिन्ही सोडतो आणि रानात पैशाची भाषेत 7 लाख श्लोक लिहितो. शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजा म्हणतो, ही तर पिशाच्चांची भाषा!

हा राजा मला फार ओळखीचा वाटतो. भाषेवरून ज्याचं हसं झालं, तोच थोडं व्याकरण येताच दुसऱ्याच्या भाषेला नाक मुरडतो. आमच्या खानापूरच्या बाजारात मराठी, कन्नड, कोकणी सगळंच कानावर पडतं. इथल्या माणसाला हे नाक मुरडणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

मग गुणाढ्य एकेक पान वाचतो आणि आगीत टाकतो. जनावरं चरणं सोडून ऐकतात, वाळत जातात. मुदपाकखान्यात मांस निकस येऊ लागतं, राजा आजारी पडतो, चौकशी होते. तोवर 6 लाख श्लोक जळालेले असतात.

ही कथा ग्रंथाचा महिमा म्हणून सांगतात, ते मला अपुरं वाटतं. राजा काही वाचनाच्या ओढीने रानात गेला नाही. ताट बिघडलं म्हणून गेला. खरे श्रोते ती उपाशी जनावरं. जैन मनाला हे नवं नाही. समवसरणात पशुपक्षीही बसतात आणि दिव्यध्वनी ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळतो. तिथे व्याकरणाची परीक्षा नसते.

मूळ पैशाची ग्रंथ आज हाती नाही. पण त्यातली कथा सोमदेवाच्या संस्कृतात आली, त्याच्याही आधी संघदासगणींच्या ‘वसुदेवहिंडी’त प्राकृतात आली. राजाने नाकारलेली गोष्ट अशी भाषा बदलत जगली. पोथी कपाटात जपावी, हे खरंच. पण ती टिकते ऐकणाऱ्याच्या कानात, आणि तो कान कुठल्या भाषेचा, हे विचारायचं नसतं.