थीम : रुची आणि गरज

संगणकाच्या पडद्यावरील ‘थीम’ ही एक रचना होय. पार्श्वचित्र, रंग, चिन्हे, कर्सर व ध्वनी यांना परस्परसंबंधातूनच अर्थ येतो. म्हणून ती सर्व एकाच वेळी लागू व्हावीत, हा आग्रह तत्त्वतः योग्य आहे. परंतु या घटकांत अक्षरांचे आकारमानही गणले जाते, आणि तेथे प्रश्न उभा राहतो. रंग हा रुचीचा विषय. मंददृष्टीच्या माणसाने वाढवून घेतलेले अक्षर ही त्याची गरज असते. नवी थीम लावताच ते पुन्हा लहान झाले, तर त्याचे वाचनच थांबते. १९९५ मध्ये विंडोज ९५ साठी निघालेल्या ‘प्लस’ संचात प्रत्येक घटकापुढे खुणेची चौकट होती. अक्षरांचा आकार वगळता येत असे. केडीईच्या प्लाझ्मा ५.२५ या आवृत्तीनेही २०२२ मध्ये थीमचे हवे तेवढेच भाग लागू करण्याची सोय दिली. तथापि, अशा यादीत रुची आणि गरज एकाच पंक्तीत बसतात. त्यांतील भेद रचनाकारानेच आधी करावयास हवा. मग उरलेले सारे एकदम बदलले तरी हरकत नाही.