‘द कॉल ऑफ द मिनारेट’: पहिला ग्रंथ की नंतरचा?

इस्लामची प्राथमिक ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या हाती कोणता ग्रंथ द्यावा, असा प्रश्न निघाला की केनेथ क्रॅग (1913–2012) यांच्या ‘द कॉल ऑफ द मिनारेट’ या ग्रंथाचे नाव हटकून पुढे येते. 1956 साली तो प्रसिद्ध झाला व 1985 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे बिशप झालेल्या या अँग्लिकन धर्मगुरूने आपल्या ग्रंथाची मांडणी अजानच्या क्रमाने केली आहे. ईश्वराच्या थोरवीच्या घोषणेवरून एकेश्वरश्रद्धा, महंमदांच्या प्रेषितत्वाच्या साक्षीवरून पैगंबरचरित्र, नमाजच्या आवाहनावरून उपासना. दिवसातून पाच वेळा कानांवर पडणारे आणि तरीही आपण कधी न ऐकलेले शब्द त्यांनी आपल्याला ऐकविले, हे ऋण लहान नव्हे.

असे असूनही विद्यार्थ्याने हा ग्रंथ प्रथम वाचू नये, असे माझे मत झाले आहे.

कारण हिजरतीच्या विवेचनात सापडते. इ.स. 622 मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेस गेले. क्रॅग या निर्णयासमोर प्रभू येशूचा वधस्तंभाचा निर्णय ठेवतात: तेथे समाज, प्रतिकार आणि सत्ता, येथे दुःखस्वीकार. प्रश्न खोल आहे आणि ईश्वरविज्ञानाला तो टाळता येणार नाही. परंतु 619 च्या सुमारास पत्नी खदीजा व चुलते अबू तालिब हे दोघेही निवर्तले, अबू तालिबांबरोबर कुळाचे संरक्षणही गेले, आणि टोळ्यांच्या त्या समाजात संरक्षकावाचून राहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते, हे ज्याच्या मनावर ठसलेले नाही, त्याला या तुलनेतून केवळ निवाडा मिळतो. वर्गात मी हे पाहिले आहे. उत्तरपत्रिकेत निवाडा येतो, मक्का येत नाही. (कॉन्स्टंटाइनच्या 313 नंतर ख्रिस्तमंडळी सत्तेसोबत किती चालली, हेही त्या उत्तरपत्रिकेत कधी येत नाही.) खलीफा उमर यांच्या काळात कालगणना ठरली, ती पैगंबरांच्या जन्मापासून नव्हे, पहिल्या साक्षात्कारापासूनही नव्हे, तर या स्थलांतराच्या वर्षापासून. श्रद्धावंतांचा समाज जेथे उभा राहिला, तेथून ते वर्षे मोजतात. हे आधी समजावे, तुलना मागाहून.

दुसरी उणीव कायद्याची. क्रॅग शरीयतीची चर्चा करतात, पण ती मुख्यतः समाजव्यवस्थेच्या अंगाने. आपण ‘तुमची श्रद्धा काय?’ असे विचारतो; मुस्लिम शेजाऱ्याचा रोजचा प्रश्न बहुधा ‘मी काय करावे?’ असा असतो. म्हणून तेथे विद्वान म्हणजे प्रथम धर्मशास्त्रज्ञ, फकीह. कुराण, हदीस, इज्मा म्हणजे एकमत आणि कियास म्हणजे सादृश्यावरून काढलेला निष्कर्ष, या चार मुळांवरून तो निर्णय देतो. प्रत्येक कृती कर्तव्य, इष्ट, अनुज्ञात, अनिष्ट व निषिद्ध यांपैकी कोठे बसते हे ठरवतो. अबू हनीफा (मृत्यू 767), मालिक (795), शाफई (820) आणि इब्न हंबल (855) यांच्या नावांनी सुन्नी पंथातील चार परंपरा चालतात. ही नावे पाठ करून घेण्यापेक्षा एक उदाहरण पुरते. कोकण किनाऱ्यावरील मुसलमान परंपरेने शाफई, तर हैदराबादसह दख्खनच्या पठारावरील बहुसंख्य हनफी. हनफी मताने समुद्रातील प्राण्यांपैकी केवळ मासळी भक्ष्य; शाफई मत याबाबत पुष्कळ सैल. कालवांच्या एका ताटावरून दोन प्रामाणिक श्रद्धावंत दोन निर्णय देतील आणि परस्परांना पाखंडी म्हणणार नाहीत. ‘इस्लाम असे सांगतो’ हे वाक्य आपल्या प्रवचनातून किती सहज निघते!

तेव्हा पहिल्या वर्षी साधा इतिहास व फिकहची तोंडओळख व्हावी. क्रॅग तिसऱ्या वर्षी लावावेत. त्या वेळी हिजरतीविषयीची पाने एखाद्या मुस्लिम स्नेह्यासमवेत बसून वाचता आली, तर फारच उत्तम.