गायरान, गावकूस आणि एक पुस्तक

गेली काही वर्षे मी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) वर्गात शिकवतो आहे. दरवर्षी एका ठिकाणी माझे घोडे अडते.

पुस्तक मोठे आहे, यात वाद नाही. सर्वांना खुले असलेले कुरण उजाड होणारच, असे गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडले. उपाय दोनच : सरकारी अंकुश किंवा खाजगी मालकी. कुंपण घालू पाहणाऱ्यांना हे फार सोयीचे होते. कुंपणाचे काय होते ते भरतपूरला दिसले. १९८२ मध्ये तिथल्या केवलादेव उद्यानात म्हशींना बंदी झाली, गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच अभ्यासातून कळले की म्हशी गेल्यावर गवत माजले, पाणथळ गुदमरली आणि नुकसान पाखरांचेच झाले. ऑस्ट्रॉमबाईंनी स्वित्झर्लंड, जपान, स्पेनमधले पुरावे मांडून दाखवले की माणसे स्वतः नियम करून शतकानुशतके कुरण, रान, पाणी राखू शकतात. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

पण त्यांनीच दिलेले टर्बेल या स्विस गावाचे उदाहरण पाहा. १५१७ चा नियम असा की, हिवाळाभर जितक्या गायी आपल्या वैरणीवर पोसता येतील, तितक्याच डोंगरावरच्या सामायिक कुरणात पाठवाव्यात. नियमाने कुरण राखले. पण ज्याच्याजवळ वैरणीपुरतीही जमीन नाही, त्याचे काय? सामायिकावरचा हक्कसुद्धा अखेर खाजगी जमिनीच्या मापाने मोजला गेला. बाई हा नियम लपवत नाहीत. तिथे थांबतही नाहीत. भूमिहीनाच्या पोराला थांबावे लागते.

त्यांच्या आठ तत्त्वांतले पहिलेच असे : हक्क कोणाला आहे, याची हद्द स्पष्ट असावी. आपल्या खेड्यात ही हद्द कधीचीच स्पष्ट आहे. तिला गावकूस म्हणतात. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथे ओंजळ भरली, तेव्हा तळे ‘बाटले’, त्याची शुद्धी झाली आणि ते सार्वजनिक नाहीच, असा दावा कोर्टात लागला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. पाण्याला हद्द होती, पहारा होता, नियम मोडणाऱ्याला काठीचा दंडही होता. तक्त्यात बसेल असे सारे होते!

आमचे गाव नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आदर्श व्हायला निघाले. १९९२ च्या आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी होतीच. ठराव एकमताने झाला म्हणतात. आमच्या वस्तीला तो दवंडीने कळला. बागायतदाराच्या म्हशी कडब्यावर, बांधाच्या गवतावर गोठ्यात राहिल्या. माझ्या आजीला ना बांध ना कडबा. तिने चारही शेळ्या बाजारात नेल्या, मिळेल त्या भावाला दिल्या. माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या शेळ्यांवर चालत असे. माळ हिरवा झाला, हे मी नाकारत नाही. विहिरींना पाणीही वाढले. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्या. वस्तीतली दोन घरे मात्र रात्री चोरून शेळ्या सोडत, नव्या रोपांचे शेंडे खुडले जात. मग पाहुण्यांना सांगत, ‘या लोकांना झाडाचे महत्त्व कळत नाही.’

त्यांना कळत होते. ठरावाच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावले नव्हते, एवढेच. ज्यांच्यावर नियम चालतो, त्यांना तो घडवण्यात वाव हवा, हे ऑस्ट्रॉमबाईंचेच तिसरे तत्त्व आहे. पहिले तत्त्व गावकुसावर सोडले की तिसरे आपोआप मरते, हे पुस्तकात मला कुठे सापडले नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहापासून आपण पडीक जमीन मागत आलो. त्याच जमिनीला आज कोणी ‘जैवविविधतेचा अधिवास’ म्हणतो आणि कसणारा अतिक्रमक ठरतो.

निसर्गरक्षणाला सामाजिक शास्त्राची जोड हवी, असे आता जीवशास्त्रज्ञही म्हणतात. चांगले आहे. पण प्रश्नावली सरपंचाच्या ओसरीवर भरून परत जाते. मी विद्यार्थ्यांना ग्रामसभेच्या हजेरीपुस्तकावर थांबू देत नाही. बंदीपूर्वी शेळ्या कोणाच्या, किती, त्या कुठे गेल्या, हे वस्तीत जाऊन विचारायला लावतो. मागल्या खेपेला एका मुलीने विचारले, ‘सर, हा रकाना छापील नमुन्यात नाही. कुठे लिहू?’ मी म्हटले, मागच्या कोऱ्या बाजूला लिही. तिला ती बाजू पुरली नाही.