मापात पाप

घेताना एक वजन आणि देताना दुसरे वापरणाऱ्या दुकानदाराला आपल्याकडे 'मापात पाप करणारा' म्हणतात. युद्धकाळातल्या न्यायातही अशी दोन वजने असतात. मोहम्मदू औल्द सलाही यांची 'ग्वांतानामो डायरी' वाचताना ती आम्हाला पानोपानी जाणवली.

सलाही आफ्रिकेतील मॉरिटानियाचे. नोव्हेंबर २००१ मध्ये बोलावणे आले म्हणून ते स्वतःच्या मोटारीतून पोलिसांकडे गेले. तिथून जॉर्डन, मग अफगाणिस्तानातील बग्राम आणि ऑगस्ट २००२ मध्ये क्युबातील अमेरिकी तळावरचा ग्वांतानामो तुरुंग! २००५ मध्ये कोठडीत बसून त्यांनी ४६६ पाने हाताने लिहिली, तीही बहुतांशी कैदेतच शिकलेल्या इंग्रजीत. पुस्तक यायला जानेवारी २०१५ उजाडला. सरकारने त्यावर अडीच हजारांहून अधिक काळ्या पट्ट्या मारल्या होत्या.

नावात 'डायरी' असली तरी ही रोजनिशी नव्हे, आठवणी आहेत. चौकशीच्या वर्णनांत पुनरुक्ती आहे. पण पहारेकऱ्यांकडेही माणूस म्हणून पाहण्याची लेखकाची नजर आणि हालातही टिकलेला विनोद हे या लेखनाचे मोठे बळ आहे. काळ्या पट्ट्यांनीही नकळत साक्ष दिली आहे. चौकशी करणाऱ्या स्त्रियांची सर्वनामेसुद्धा झाकलेली. पुरुषांची मात्र बरीचशी शाबूत. एके ठिकाणी 'अश्रू' हा शब्दच झाकला असावा, असे संपादक लॅरी सीम्स तळटीपेत सुचवतात. कैद्याच्या अश्रूंनी कोणत्या देशाची सुरक्षा धोक्यात येते?

आता दुसरे वजन पाहू. १९ नोव्हेंबर २००५ रोजी इराकमधील हदिथा येथे रस्त्यावरच्या बॉम्बस्फोटात एक अमेरिकी मरीन ठार झाला. त्यानंतर त्याच्या साथीदारांनी २४ नागरिकांना मारले. त्यांत बायकामुलेही होती. आठ मरीनवर आरोप ठेवले गेले. सहा जणांवरचे आरोप मागे घेतले गेले, एक निर्दोष सुटला. उरलेल्या सार्जंटने जानेवारी २०१२ मध्ये कर्तव्यात कसूर केल्याचे कबूल केले. त्याचा हुद्दा गेला. तुरुंगवास एक दिवसाचाही झाला नाही.

या सैनिकांना वकील मिळाला, आरोप कळला, सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानले गेले. ते रास्तच होते. साथीदाराच्या मृत्यूने त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचाही विचार झाला. पण सलाहींच्या वाट्याला काय आले? १९९० च्या दशकारंभी अफगाणिस्तानातील कम्युनिस्ट सरकारविरुद्ध लढायला जाऊन आपण अल-कायदाची शपथ घेतली होती, हे ते लपवत नाहीत. १९९२ मध्ये ते नाते तोडले, असेही सांगतात. हे खरे की खोटे, ते न्यायालयात तपासता आले असते; पण त्यांच्यावर आरोपच ठेवला गेला नाही. उलट २००३ मध्ये संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या मंजुरीने खास चौकशी झाली: झोप तोडणे, थंडी, मारहाण, आईला तिथे आणण्याची धमकी. छळातून मिळालेल्या जबान्यांवर खटला चालवायला लष्करी वकील स्टुअर्ट काऊच यांनीच २००४ मध्ये नकार दिला. २०१० मध्ये न्यायाधीशांनी सुटकेचा आदेश दिला. सरकार अपिलात गेले. सुटका झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये! शिक्षा झालेल्या कितीतरी गुन्हेगारांनाही इतकी वर्षे आत काढावी लागत नाहीत.

हे पुस्तक हाती घेऊन अमेरिकेला शिव्या घालणे सोपे आहे. पण ग्वांतानामोत पहिले कैदी आले त्याच जानेवारी २००२ मध्ये कराचीत पत्रकार डॅनियल पर्ल यांचे अपहरण झाले आणि पुढे त्यांची हत्या करण्यात आली. त्यांच्या मारेकऱ्यांनी इस्लामचे नाव घेतले; पर्ल यांना ना आरोप सांगितला, ना बाजू मांडू दिली. जो इन्साफ आम्ही सलाहींसाठी मागतो तोच पर्ल यांच्यासाठी मागताना आमची जीभ अडखळत असेल, तर आमच्या तराजूतही खोट आहे.

२०१७ मध्ये सलाहींनी झाकलेला मजकूर भरून काढलेली नवी आवृत्ती आली. तरीही वाचकांनी आधी काळ्या पट्ट्यांची आवृत्तीच वाचावी. कैद्याला किती बोलू दिले आणि किती नाही, हे तिच्यातच डोळ्यांना दिसते.