रक्ताची साक्ष

दिवाळी अंक घरात येतो तेव्हा फराळाची ताटे मांडलेली असतात. अशा वेळी रक्ताची गोष्ट काढणे शुभ नव्हे, असे एखाद्या आजीबाई म्हणतील. पण आजीबाईंनी जरा आठवून पाहावे की, आजवर वाचलेल्या किती कादंबऱ्यांचे आणि पाहिलेल्या किती बोलपटांचे गाडे रक्तावाचून अडले असते! हरवलेला मुलगा दारात उभा राहतो आणि ‘रक्ताची ओढ’ आईला सारे सांगून जाते. श्रीमंताचे मूल गरिबाघरी वाढते, तरी त्याचे ‘खानदानी रक्त’ वेळेवर उसळते. दुष्टाच्या पोराने चोरी केली की ‘शेवटी रक्त कुणाचे!’ हा आमच्या कथावाङ्मयातला सर्वांत जुना साक्षीदार आहे आणि त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही. ती घेण्याइतका मी पंडित नव्हे. मॅट्रिकपुढे मी शिकलो नाही. जे शिकलो ते शिकवता शिकवता. पण या साक्षीदाराला मीही खोटे बोलायला लावले आहे, म्हणून हा अधिकार घेतो.

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ १९७७ साली आला. इस्पितळात एक जखमी बाई पडली आहे. शेजारी तीन खाटांवर तीन तरुण. तिघांच्या हातांतून निघालेल्या नळ्या एका बाटलीत मिळतात आणि तिथून रक्त थेट त्या बाईच्या अंगात उतरते. रक्त असे वर चढत नाही म्हणून शहाण्या लोकांनी या प्रसंगाची पुष्कळ थट्टा केली. मला ती थट्टा उथळ वाटते. तीन धर्मांत वाढलेल्यांचे रक्त एके ठिकाणी मिसळते, हे रूपक मोठे आहे. दोष निराळाच आहे. ‘मुलगेच ते, त्यांचे रक्त जुळणारच,’ असा समज प्रेक्षक बरोबर घरी घेऊन जातो.

वस्तुस्थिती काय आहे? कार्ल लँडस्टायनर याने १९०१ साली व्हिएन्नामध्ये रक्तगट दाखवून दिले, तेव्हापासून रक्त जुळते ते गटाने, नात्याने नव्हे. आई ‘ए’ आणि वडील ‘बी’ गटाचे असले, तर त्यांच्या चार मुलांचे चार निराळे गट निघू शकतात. इतकेच नव्हे, जवळच्या नातलगाचे रक्त देताना डॉक्टर उलट अधिक सावध असतात. त्यातल्या काही पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीराला आपल्याच वाटतात, तिथे ठाण मांडतात आणि मग रोग्यावरच उलटतात. असे क्वचित घडते, पण घडले तर प्राणावर बेतते. म्हणून असे रक्त देण्यापूर्वी त्यावर किरणांचा मारा करतात. तेव्हा त्या प्रसंगाची थोरवी शोधायची तर ती अशी की, ही आपली आई आहे हे ठाऊक नसताना तिघांनी हात पुढे केले. परक्यासाठी दिलेले रक्त, हाच त्याचा खरा अर्थ.

दुसरे आवडते कथानक याहून घातक आहे. आईबाप दोघे ‘ओ’ गटाचे, मूल निघते ‘बी’ गटाचे. लगेच नवरा बायकोकडे संशयाने पाहतो आणि पुढची शंभर पाने लेखकाला आयती मिळतात. असे कथानक रचणाऱ्याने मुंबईचाच एक शोध वाचायला हवा होता. सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एक दुर्मीळ रक्तगट जगापुढे मांडला. आज जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने ओळखला जातो. ‘ए’ आणि ‘बी’ हे तांबड्या पेशीवरचे मजले धरले, तर ‘एच’ हा त्यांचा पाया. या माणसांत पायाच नसतो, म्हणून साध्या तपासणीत ती ‘ओ’ गटाची भासतात. पण ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक आत मुकाट्याने बसलेले असू शकते आणि ते मुलात प्रकट होते. म्हणजे तपासणीचा कागद खरा, बायकोही खरी, आणि खोटा ठरतो तो आपला घाईचा निकाल.

आता माझा गुन्हा सांगतो. माझ्या पहिल्या कादंबरीत आजारी नातवाकडे बोट दाखवून सासू सुनेला म्हणते, ‘तुझ्या रक्ताने आमचा वंश नासवला.’ वाक्य ठसकेबाज होते. वाचकांनी त्याचे कौतुक केले आणि मी ते घेतले. सून मुकाट्याने माहेरी जाते आणि कादंबरी संपते.

पुढे पूर्व विदर्भातल्या एका शाळेत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा थंडी पडली की गैरहजर राहू लागला. ‘हातपाय ठणकतात’ हे त्याचे कारण मला बहाणा वाटे. एक दिवस त्याची आई आली. म्हणाली, ‘‘गुरुजी, त्याले मारू नका. त्याले सिकलसेल आहे. घरचे म्हणतात, माह्याच रक्तात खोट आहे.’’

माझेच वाक्य माझ्यापुढे उभे होते.

डॉक्टरांकडून मग मी समजून घेतले. जनुकाच्या लांबलचक मजकुरात एक अक्षर बदलते, एवढ्याने तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. पण मुलाला हा आजार व्हायला सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले तर मूल केवळ वाहक होते आणि बहुधा धडधाकट असते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याचा संभव चारांत एक. आणि हे ‘वाईट’ जनुक टिकले कसे? तर एकच प्रत असलेल्यांना त्याने हिवतापाच्या मृत्यूपासून वाचवले म्हणून. ज्याला आपण खोट म्हणतो, त्याच्याच आधाराने कित्येक पूर्वज तगले.

मी मुलाच्या वडिलांना तपासणीस पाठवले. तेही वाहक निघाले. कागदाची घडी करीत ते एवढेच म्हणाले, ‘‘गुरुजी, हे आमच्या मायले वाचून दाखवा.’’ मी त्यांच्या ओसरीवर बसून दाखवले. माझ्या कुठल्याही कादंबरीच्या वाचनाला असे गंभीर श्रोते मिळाले नव्हते.

या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लग्न जुळवताना पत्रिकेशेजारी रक्ततपासणीचा कागदही ठेवावा, असे आता सांगितले जाते. मात्र कागद वाचणाऱ्यांच्या मनातली रक्ताची कल्पना आम्हा लेखकांनी घडवलेली आहे, आणि ती दुरुस्त करणे आमचेच काम आहे.

माझ्या त्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते सध्या तपासतो आहे. सासूचे वाक्य मी काढलेले नाही; माणसे तसे बोलतात. पण या वेळी सुनेचा नवरा त्याच खोलीत बसलेला आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागते.