कोलू पाटील आणि कागदावांचूनचा इतिहास

नवेगांव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोहळी जातीच्या कोलू पाटलानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधला, अशी परंपरा आहे. सभोंवारच्या टेंकड्यांस 'सात बहिणी' म्हणतात. रात्रीं वाहून जाणारा बांध तडीस नेण्यास या बहिणींनीं साहाय्य केलें, असें लोक सांगतात. आणि कोलू पाटील स्वतः 'कोलासुर' देव होऊन तेथेंच पूजा घेत आहे. ही सामग्री इतिहासकारानें कोठें ठेवावी?

'कागदावांचून इतिहास नाहीं' असें मानणारा ती बाहेर ठेवील. राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापून बखरींपेक्षां अस्सल पत्रांस श्रेष्ठ ठरविलें, हें त्यांचे मोठे उपकार होत. परंतु पत्र राहतें दफ्तरांत, आणि दफ्तर राहतें सत्तेपाशीं. ज्यांनीं माती वाहिली त्यांचें दफ्तर नसतें. म्हणून ते नव्हतेच, असें अनुमान करणें न्याय्य नव्हे.

इतर देशांची रीत पाहावी. चीनच्या सि-मा-च्येन यानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास पूर्ण केलेल्या 'शि-जी' ग्रंथांत राजवृत्ताबरोबर नद्या व कालवे यांस स्वतंत्र प्रकरण दिलें. पीत नदीचें खिंडार बुजवितांना त्यानें स्वतः काटक्यांचे भारे वाहिले होते. काश्मीरांत कल्हणानें इ. स. ११४८ ते ११५० च्या दरम्यान 'राजतरंगिणी' रचतांना शिलालेख व दानपत्रें तपासलीं, आणि नवव्या शतकांत अवंतिवर्म्याच्या राज्यांत वितस्तेचे पूर आवरणाऱ्या सुय्याचें वृत्त विस्तारानें दिलें. सुय्यानें नदींत नाणीं टाकलीं व तीं शोधतांना भुकेल्या लोकांनीं पात्रांतील दगड उपसले, ही कथाहि त्यांत आहे. दोघांमध्यें अडीचशेंहून अधिक वर्षांचें अंतर. तरी कल्हणानें ती टाकली नाहीं. सुय्यास इतिहासकार लाभला, कोलू पाटलास लाभला नाहीं. म्हणून लोकांनीं त्यास देव करून जपलें.

याचा अर्थ आख्यायिका जशीच्या तशी इतिहास मानावी, असा नव्हे. कोहळ्यांस गोंड राजानें काशीहून आणलें, ही दंतकथा रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत आली आहे. पण उतरून घेणें म्हणजे तपासणें नव्हे. उलट 'सात बहिणीं'च्या कथेंत चमत्कार आहे म्हणून तीहि फेंकून देऊं नये. तलाव टेंकड्यांच्या कुशींत आहे. टेंकड्यांनीं बांधास आधार दिला, ही स्थापत्याची गोष्टच लोकांनीं बहिणींच्या नांवें सांगितली असावी, असें आमचें मत आहे. रात्रीं बांध वाहून जाण्यांत खऱ्या फुटीची आठवणहि असूं शकेल.

हें मत खरें कीं खोटें, हें ठरविण्याचें साधन मात्र जागेवर आहे. बांधाची माती, त्याची दिशा, पाटांचे उतार व शेतांचीं जुनीं नांवें हीं पत्रांइतक्याच काटेकोरपणें वाचलीं पाहिजेत. असें झाल्यास कोलासुराचें देवत्व कमी होणार नाहीं. त्याच्यामागें उभा असलेला मनुष्य मात्र आपणांस दिसूं लागेल.