पदरातल्या वाटा

मराठीत डोंगरमाथ्यांवर लिहिलेलं ढीगभर सापडतं, पायथ्यावर लिहिलेलं मात्र शोधावं लागतं. कुठलंही ट्रेकवर्णन उघडा. आधी पहाटेची लोकल किंवा एसटी, मग 'बेस व्हिलेज'ला चहा-पोहे, मग छातीवरचा चढ, आणि तिथून पुढे गड. दरवाजा, टाकी, बुरूज, सूर्यास्त. गाव आणि माथा यांच्यामधले दोन-तीन तास 'दमछाक' या एका शब्दात उरकलेले असतात. वाटेने लेखकाला गडावर पोचवलं की तिचं काम संपलं.

आपल्या डोंगरलेखनातली मोठी उणीव मला इथे दिसते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या बहुतेक वाटा गडावर जाण्यासाठी पडलेल्याच नाहीत. त्या बाजाराला, सोयरिकीला, गुरांमागे, हिरडा वेचायला, जत्रेला जाणाऱ्यांनी पाडल्या. एखादी वाट मध्येच उजवीकडे का वळते याचं उत्तर वरच्या बुरुजाकडे पाहून मिळत नाही. ते खाली, पाणवठा कुठे आहे आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला कुठला चढ झेपतो, यात असतं. हे न विचारता वाटेवर लिहिणं म्हणजे घरात कोण राहतं हे न विचारता घराच्या दारावर लिहिण्यासारखं आहे.

कर्जत तालुक्यातल्या खांडसचं उदाहरण घेऊ. इथून भीमाशंकरला दोन वाटा चढतात, शिडी घाट आणि गणेश घाट. शिडी घाट उभा, कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्यांचा. गणेश घाट लांबचा, पदरगडाला वळसा घालून जाणारा. ट्रेकवर्णनांमध्ये या दोन वाटांची तुलना एकाच निकषावर होते: थरार किती. शिडीच्या वाटेला पानंच्या पानं मिळतात, गणेश घाटाला 'सोपी पण कंटाळवाणी' असा शेरा. पण ओझं घेऊन जाणाऱ्याच्या, म्हाताऱ्या यात्रेकरूच्या, गुरांच्या बाजूने पाहिलं तर लांबची वाट हीच शहाणी वाट आहे. तिचा उतार कंटाळवाणा आहे कारण तो रोजच्या पायांसाठी आहे.

या दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात त्या सपाटीला पदर म्हणतात. सह्याद्रीची ठेवण माहीत असलेल्याला हा शब्द फार मोलाचा वाटावा. देशाकडून डोंगर हळूहळू चढत येतो आणि कोकणाकडे एकदम तुटतो. पण ही तुटलेली भिंतही सलग नसते. मध्येच एक पायरी असते, कड्याच्या निम्म्यावर पसरलेली, झाडीची, कुठे पाण्याची, कधी पाच-पंचवीस घरांची. ती म्हणजे पदर. खालचा माणूस तिथे दम घेतो, वरचा तिथवर गुरं उतरवतो. पदरवाडी, पदरगड ही नावं त्यातूनच आलेली. माची हा शब्द गडांमुळे आपल्या साहित्यात रुळला. पदर बिचारा स्थानिकांच्या बोलण्यात राहिला आणि लिहिताना आपण 'मधलं पठार' म्हणून मोकळे झालो.

दुसरी एक गोष्ट लेखनातून जवळजवळ गायब आहे ती म्हणजे सकाळची सावली. कोकणच्या बाजूला कडा पूर्वेला असतो. त्यामुळे वर माथ्यावर ऊन येऊन बराच वेळ झाला तरी खालच्या वाड्या सावलीत असतात. चढणारी माणसं हा वेळ साधतात. दुपारनंतर तीच भिंत तापते आणि परत फेकलेल्या उन्हाने वाट भाजून निघते. पायथ्यावरून दिसणारा डोंगर हा असा, वेळेप्रमाणे बदलणारा आणि कामाशी बांधलेला असतो. आपल्याकडे 'दृश्य' म्हटलं की ते वरूनच दिसतं. खालून दिसणाऱ्या डोंगराला फक्त 'उत्तुंग' हे विशेषण मिळतं.

वरून पाहण्याची ही सवय कुठून आली? माथेरान हे त्याचं एक मूळ म्हणता येईल. 1850च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून डोंगर चढला, वन ट्री हिलच्या बाजूने वर गेला आणि रामबागच्या बाजूने उतरला. याला माथेरानचा शोध म्हणण्याची पद्धत आहे. पुढे त्या डोंगराच्या कडेकडेला पॉइंट ठरले. पॉइंट म्हणजे जिथे वाट संपते आणि बघणं सुरू होतं अशी जागा. पण खालच्या ठाकूरवाड्यांतल्या माणसांसाठी त्यातल्या कित्येक पॉइंटांपाशी वाट संपत नाही, वर येते. दूध, भाजी, जळण घेऊन बायाबापड्या तिथूनच माथेरानच्या बाजारात पोचत आल्या आहेत. एकच जागा एकाला कठडा आणि दुसऱ्याला उंबरठा. पर्यटनाच्या लेखनात पहिली बाजू आली. ट्रेकिंगच्या लेखनाने, जे स्वतःला पर्यटनापेक्षा वेगळं समजतं, तीच नजर पुढे चालवली. फरक इतकाच की ते चालून वर जातं.

गो. नी. दांडेकरांचं नाव इथे टाळून चालणार नाही. 'दुर्गभ्रमणगाथा' हे पुस्तक वाचून डोंगर चढायला लागलेल्या पिढ्या आहेत. त्यातल्या भक्तीबद्दल मला आदर आहे, पण भक्ताची नजर गाभाऱ्याकडे असते. वाटेतली माणसं त्यात भेटतात, प्रेमाने भेटतात, तरी ती गडाच्या पायरीवरची माणसं राहतात. गंमत अशी की हेच दांडेकर कादंबरी लिहायला बसले की नजर खाली येते. 'माचीवरला बुधा'मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीच्या रानात परततो तेव्हा तिथल्या वाटा त्याच्या आहेत, झाडं त्याची आहेत. 'जैत रे जैत'मधला नाग्या लिंगोबाच्या डोंगराकडे पाहतो ते खालून, मधासाठी आणि सुडासाठी. त्या कादंबऱ्यांत डोंगर हे कुणाचं तरी राहतं घर आहे. प्रवासवर्णनात तो देव होतो. दोन्ही दांडेकरांचेच, पण आपल्या ट्रेकलेखकांनी वारसा फक्त दुसऱ्याचा घेतला. तोही भाषेपुरता: रौद्र, राकट, बेलाग.

त्यामानाने मला आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' जास्त साहित्यिक वाटतं, हे कुणाला विचित्र वाटेल. ते तर मार्गदर्शक पुस्तक. नकाशे, अंतरं, गावांची नावं, कुठल्या खिंडीतून कुठे उतरता येतं याची कोरडी नोंद. पण त्या कोरडेपणात वाटेला महत्त्व आहे. सोंड, धार, दांड, नाळ, खिंड हे शब्द अशा पुस्तकांत शोभेसाठी येत नाहीत. ते चुकले तर वाचणारा चुकेल. शब्दावर एवढी जबाबदारी टाकणारं गद्य आपल्याकडे फार नाही. भावनेने ओथंबलेल्या लेखातली वाट कुठल्याही डोंगरावर नेऊन ठेवा, चालून जाते. पाळंद्यांची वाट दुसरीकडे नेता येत नाही.

डोंगरात वाटेबद्दल दोन क्रियापदं फार वापरली जातात: वाट मळते आणि वाट मोडते. समीक्षेत आपण 'मळलेली वाट सोडली' असं कौतुकाने म्हणतो. डोंगरात असं कौतुक कुणी करणार नाही. मळलेली वाट म्हणजे कालही इथून कुणी गेलं होतं याची खूण. आणि वाट मोडली म्हणजे दरड कोसळलीच असं नाही. बहुतेकदा एवढंच की पाय थांबले. दोन-तीन पावसाळे कुणी गेलं नाही की कारवी दोन्ही बाजूंनी मिटते, करवंदीची जाळी आडवी येते, ओढा आपला मार्ग बदलतो. वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला, जीप सुरू झाली, की घाटवाट मोडायला लागते. यात हळहळण्यासारखं फार नाही. आजारी माणसाला डोलीतून उतरवावं लागलेल्या घराला रस्त्याचं मोल विचारा. पण वाट मोडली की तिच्यावरची नावंही मोडतात. ओढ्याचं, टेपाचं, बसायच्या दगडाचं नाव चालणाऱ्यांच्याच तोंडी असतं. ती लिहून ठेवण्याचं काम दर शनिवार-रविवारी तिथे जाणाऱ्या, हाताशी कॅमेरा आणि ब्लॉग असलेल्या माणसांना करता आलं असतं.

त्यांनी काय लिहून ठेवलं? 'एका मामांनी वाट दाखवली.' 'एका मावशींनी ताक दिलं.' हे मामा आणि मावशी शेकडो लेखांत आहेत आणि त्यांना नाव नाही, जमात नाही, शेत नाही, मत नाही. ते नेहमी निरागस आणि आतिथ्यशील असतात. त्यांनी पैसे मागितले तर 'आता तेही व्यवहारी झाले' अशी खंत लेखात येते. सकाळचा अर्धा दिवस वाट दाखवण्यात गेला तर त्या दिवशीचं रानातलं काम कुणी केलं, हा प्रश्न मात्र कुठेच येत नाही.

आता तर विचारायचीही गरज उरली नाही. मोबाइलवर ट्रॅक उतरवून घ्यायचा आणि रेघेवरून चालायचं. मी याच्या विरोधात नाही. धुक्यात या रेघेने जीव वाचतात. पण ही रेघ ज्याने चालून नोंदवली तो कधी कधी स्वतःच चुकलेला असतो. कारवीत शिरलेला, परत फिरलेला, मग सरळ चढलेला. त्याच्या मागून येणारे तंतोतंत तिथेच वळतात. त्यांच्यामागून आणखी येतात. काही पावसाळ्यांनी ती चूकच मळते, तिच्यावर बाण रंगवले जातात, आणि दहा हात पलीकडे गुरांची जुनी वाट गवताखाली जाते.